४,७८४ कोटींचा तोटा ते ५,५२० कोटींचा नफा: महाबँकेचे प्रकरण

मार्च २०१९ला संपलेल्या आर्थिक वर्षात बँक ऑफ महाराष्ट्रला, म्हणजे महाबँकेला, ४,७८४ कोटी रुपयांचा निव्वळ तोटा झाला. मार्च २०२५ला संपलेल्या वर्षात याच बँकेने ५,५२० कोटींचा निव्वळ नफा कमावला. मधली वर्षे फक्त सहा. पुण्यातल्या शिवाजीनगरचे लोकमंगल हे मुख्यालय तेच, खातेदारांचा पायाही बहुतांशी तोच. मग एवढे बदलले काय?

याची दोन उत्तरे नेहमी ऐकू येतात. बँकेतली माणसे म्हणतात, कारभार सुधारला. बँकेबाहेरचे टीकाकार म्हणतात, सरकारने करदात्यांचा पैसा ओतला, त्यात कसले कौतुक? दोन्हींत तथ्य आहे, पण दोघेही एक गोष्ट गृहीत धरतात: ज्या वर्षीचा नफा, त्या वर्षीचीच कामगिरी. बँकेच्या बाबतीत मला हे पटत नाही. अर्थव्यवस्थेची हालचाल बँकेच्या नफ्यापर्यंत वेगवेगळ्या वाटांनी आणि वेगवेगळ्या वेगाने पोचते. रोख्यांच्या बाजारातली उलथापालथ त्याच तिमाहीत दिसते. व्याजदरातला बदल तीन महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत झिरपत राहतो. कर्ज बुडते तेव्हा मात्र ते देऊन पाच-सात वर्षे उलटलेली असतात. महाबँकेच्या गेल्या दशकात हे तिन्ही प्रकार एकाच ताळेबंदात पाहायला मिळतात, म्हणून हे प्रकरण निवडले.

तोट्याच्या वर्षांतही कमाई होतीच

२०१६-१७ मध्ये तोटा १,३७३ कोटी, २०१७-१८ मध्ये १,१४६ कोटी आणि २०१८-१९ मध्ये ४,७८४ कोटी. हे आकडे वाचून वाटते की बँकेचा धंदाच बसला होता. प्रत्यक्षात यातल्या शेवटच्या दोन्ही वर्षांत बँकेचा तरतुदींपूर्वीचा नफा, ज्याला बँकवाले ऑपरेटिंग प्रॉफिट म्हणतात, सुमारे २,२०० कोटींचा होता. (तरतूद म्हणजे कर्ज बुडेल या हिशेबाने कमाईतून बाजूला काढलेली रक्कम.) म्हणजे ठेवींवर व्याज दिले, पगार दिले, शाखांची भाडी आणि विजेची बिले भरली, तरी हातात दोन हजार कोटींवर रक्कम उरत होती. ती सगळी, आणि तिच्यावर आणखी काही हजार कोटी, जुन्या कर्जांच्या तरतुदीत गेली.

ही कर्जे बँकेकडे आली कशी? २००३ ते २००८ या काळात देशाची अर्थव्यवस्था आठ-नऊ टक्क्यांनी वाढत होती. पोलाद, वीज, रस्ते, कापड असे जिकडेतिकडे मोठे प्रकल्प उभे राहत होते, आणि मागणी अशीच वाढत राहील या हिशेबावर बँकांनी कर्जे दिली. जागतिक मंदीनंतरही २०१०-११ पर्यंत हा ओघ थांबला नाही. महाबँकेसारखी मध्यम आकाराची बँक अशा मोठ्या कर्जांत सहसा बँकांच्या समूहातली एक सभासद असते. प्रकल्पाची छाननी मोठी बँक करते, बाकीच्या तिच्यामागोमाग सह्या करतात. (ही पद्धत किती धोक्याची आहे यावर नंतर भरपूर बोलले गेले. तेजीत मात्र कोणी बोलले नव्हते.)

मग एकेक धक्का बसत गेला. भूसंपादन आणि परवानग्या रखडल्या. सप्टेंबर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २१४ कोळसा खाणींचे वाटप रद्द केले, आणि त्या कोळशाच्या भरवशावर उभारलेल्या वीज आणि पोलाद प्रकल्पांचे गणित कोलमडले. चीनमधून स्वस्त पोलाद येऊ लागले. ते इतके की फेब्रुवारी २०१६ मध्ये सरकारला पोलादावर किमान आयात किंमत लावावी लागली. कर्जदार थकले होते, पण वह्यांत ते दिसत नव्हते, कारण जुने कर्ज फेडायला नवे कर्ज देऊन किंवा पुनर्रचना करून खाते ‘चांगले’ ठेवण्याची सोय होती. २०१५-१६ मध्ये रघुराम राजन गव्हर्नर असताना रिझर्व्ह बँकेने मालमत्तांच्या गुणवत्तेची तपासणी केली आणि ही सोय बंद झाली. महाबँकेचे ढोबळ थकीत कर्ज मार्च २०१६ला ९.३४ टक्के होते. ते मार्च २०१७ला १६.९३ आणि मार्च २०१८ला १९.४८ टक्क्यांवर गेले. शंभर रुपयांच्या कर्जातले साडेएकोणीस रुपये अडकलेले.

तरतुदीचे नियम पाहिले की नफ्यावरचा मार इतका लांबत का जातो हे कळते. हप्ता नव्वद दिवस थकला की कर्ज अनुत्पादक ठरते आणि त्यावरचे व्याज उत्पन्नात धरता येत नाही. पहिल्या वर्षात साधारण १५ टक्के तरतूद लागते. वर्षानंतर ते संशयित गटात गेले की तारण असलेल्या भागावर २५ टक्के, पुढच्या टप्प्यात ४० टक्के आणि त्यानंतर पूर्ण शंभर टक्के. तारण नसलेल्या भागावर तर संशयित ठरताच शंभर टक्के. त्यामुळे २०१६ मध्ये थकलेले खाते २०१९ आणि २०२० च्या नफ्यालाही कुरतडत राहते, त्या वर्षांत देशाची अर्थव्यवस्था कशी का असेना. त्यात जून २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने बारा मोठी खाती दिवाळखोरी संहितेखाली पाठवायला सांगितली आणि अशा खात्यांवर किमान ५० टक्के तरतूद मागितली. तेव्हा बँकांच्या नफ्या-तोट्यावर २००८ ते २०११ च्या निर्णयांची बिले येत होती. ती भरायला खुर्चीत भलतीच माणसे बसलेली होती.

पाऊस, कर्जमाफी आणि रोखे

महाबँकेच्या अडचणीला एक राज्यातला पदरही होता. ही बँक राज्यस्तरीय बँकर्स समितीची निमंत्रक आहे आणि मराठवाड्यातल्या जालना आणि औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) या जिल्ह्यांची अग्रणी बँक, म्हणजे तिथल्या बँकांच्या कर्जवाटपाचा समन्वय पाहणारी. २०१४ आणि २०१५ अशी लागोपाठ दोन वर्षे पाऊस कमी झाला. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. मग जून २०१७ मध्ये राज्य सरकारने ३४ हजार कोटींची कर्जमाफी जाहीर केली आणि डिसेंबर २०१९ मध्ये दुसरी, दोन लाखांपर्यंतची.

माफीचे पैसे सरकार बँकेला देते, मग बँकेचे नुकसान कसले, असे विचारले जाते. नुकसान माफीच्या रकमेत नसते, वाट पाहण्यात असते. माफीची चर्चा सुरू झाली की फेडू शकणारा शेतकरीही हात आखडता घेतो, आणि त्याच्या जागी कोणीही तेच करील. आज भरले आणि उद्या माफी झाली तर भरणारा मूर्ख ठरतो. दरम्यान पीककर्जासाठी ठरलेले हंगाम उलटतात, खाते थकीत होते, व्याज धरता येत नाही. २०१७ची अर्जप्रक्रिया ऑनलाइन होती, याद्यांचा घोळ महिनोन्‌महिने चालला, आणि सरकारी पैसा येईपर्यंत बँकेला तरतूद करावीच लागली. कर्जमाफी योग्य की अयोग्य हा वेगळा वाद, त्यात इथे शिरत नाही. पण पावसाचा तुटवडा बँकेच्या नफ्यापर्यंत पोचताना वाटेत राजकारणाचे एक स्टेशन घेतो, हे महाराष्ट्रातल्या कोणत्याही शाखाधिकाऱ्याला ठाऊक असते.

याच सुमारास रोख्यांनीही दगा दिला. नोटाबंदीनंतर बँकांत ठेवींचा पूर आला. कर्जाला मागणी नव्हती, म्हणून तो पैसा सरकारी रोख्यांत गेला, तेही रोखे महाग असताना. दहा वर्षांच्या रोख्याचा परतावा २०१६च्या अखेरीस सव्वासहा टक्क्यांच्या आसपास होता. कच्चे तेल महागले, सरकारची वित्तीय तूट वाढण्याची धास्ती बसली आणि मार्च २०१८ पर्यंत हा परतावा पावणेआठच्या जवळ गेला. परतावा वाढला की हातातल्या जुन्या रोख्याची किंमत पडते आणि ती घट बँकेला त्याच तिमाहीत नफ्यातून वजा करावी लागत असे. मार इतका मोठा होता की एप्रिल २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने तो चार तिमाह्यांत विभागून दाखवण्याची मुभा दिली. बुडीत कर्जांनी आधीच वाकलेल्या सरकारी बँकांवर ही दुसरी लाट होती. २०१७-१८ या एका वर्षात देशातल्या सगळ्या सरकारी बँकांचा एकत्रित तोटा ८५ हजार कोटींच्या पुढे गेला.

सगळ्यात मोठ्या तोट्याने उघडलेले दार

जून २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने महाबँकेला तत्पर सुधारणा कारवाईखाली घेतले. नव्या शाखा, लाभांश, जोखमीची कर्जे या सगळ्यांवर मर्यादा आल्या. पुण्यात तेव्हा ‘आपली बँक राहते की जाते’ अशी चर्चा होती आणि ती अगदीच निराधार नव्हती.

या टप्प्यातला सगळ्यात शिकण्यासारखा भाग डिसेंबर २०१८च्या तिमाहीत आहे. त्या एका तिमाहीत बँकेने ३,७६४ कोटींचा तोटा दाखवला. वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत ती वाईट बातमी होती. पण हा तोटा नव्याने बुडालेल्या कर्जांपेक्षा जुन्या कर्जांवर एकदम मोठी तरतूद केल्याने आला होता. तरतूद वजा जाता उरणारे निव्वळ थकीत कर्ज मार्च २०१८ला ११.२४ टक्के होते. या तिमाहीनंतर ते ६ टक्क्यांच्या खाली आले, आणि ६ टक्के हीच निर्बंधांची रेषा होती. ३१ जानेवारी २०१९ला रिझर्व्ह बँकेने महाबँकेला निर्बंधांतून मोकळे केले. इतिहासातल्या सर्वांत मोठ्या तिमाही तोट्याने बँकेची सुटका केली, हे नफ्याच्या आकड्यावरून बँक जोखणाऱ्यांनी पुन्हा एकदा वाचावे.

अर्थात असा तोटा सोसायला भांडवल लागते. सरकारने २०१७-१८ मध्ये ३,१७३ कोटी दिले, २०१८-१९ मध्ये दोन हप्त्यांत ४,४९८ आणि २०५ कोटी. बेरीज ७,८७६ कोटी. तीन वर्षांच्या तोट्याची बेरीज ७,३०३ कोटी. दोन्ही आकडे शेजारी ठेवले की टीकाकारांचा मुद्दा कळतो: तेजीतल्या कर्जांची किंमत शेवटी सरकारी तिजोरीतून चुकती झाली. मला हा मुद्दा मान्य आहे. मात्र हेही खरे की भांडवल मिळालेल्या सगळ्याच बँका टिकल्या नाहीत. एप्रिल २०२० मध्ये ओरिएंटल, युनायटेड, अलाहाबाद, आंध्र, कॉर्पोरेशन, सिंडिकेट अशी सहा नावे विलीनीकरणात पुसली गेली. १९३५ मध्ये पुण्यात नोंदणी झालेली आणि १९६९ मध्ये राष्ट्रीयीकरण झालेली महाबँक त्या यादीत नव्हती.

न दिलेल्या कर्जांचा फायदा

यानंतर करोना आला. मार्च २०२० ते ऑगस्ट २०२० हप्ते लांबणीवर, रेपो दर (रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना उसने पैसे देते तो) ४ टक्क्यांवर, अर्थव्यवस्था आक्रसलेली. पाठ्यपुस्तकाप्रमाणे २०२०-२१ मध्ये बँकेला पुन्हा तोटा व्हायला हवा होता. झाला ५५० कोटींचा नफा, आदल्या वर्षीच्या ३८९ कोटींपेक्षा जास्त. ढोबळ थकीत कर्ज १२.८१ टक्क्यांवरून ७.२३ टक्क्यांवर आले.

यात निर्लेखनाचा मोठा वाटा आहे, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. पूर्ण तरतूद झालेली कर्जे वहीतून काढली की टक्केवारी आपोआप सुधारते, वसुली चालू राहते आणि पुढे जे हाती येते ते नफ्यात मोजले जाते. शिवाय दर घसरल्याने रोखे वधारले, म्हणजे २०१८ मध्ये ज्या वाटेने तोटा आला तिथूनच आता फायदा आला. सरकारी हमीच्या कर्जयोजनेने लहान उद्योगांची थकबाकीही पुढे ढकलली.

पण मला यापेक्षा महत्त्वाचे वाटते ते असे: २०१७ ते २०१९ या काळात बँकेला फारशी कर्जे देताच आली नव्हती. मार्च २०२०ला तिची एकूण कर्जे सुमारे ९५ हजार कोटी होती. करोनाचा फटका बसावा अशी ताजी, जोखमीची कर्जे तिच्याकडे तुलनेने थोडी होती. निर्बंधांच्या काळात जो तिचा कमकुवतपणा म्हणून मोजला जात होता, तो दोन वर्षांनी संरक्षण ठरला. हे शहाणपण कोणाच्याही नावावर जमा करता येत नाही, योगायोगच म्हणायचा.

वाढते व्याजदर आणि निवांत बचत खातेदार

मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या दहा महिन्यांत रेपो दर ४ वरून साडेसहा टक्क्यांवर गेला. महाबँकेच्या नफ्याने उसळी घेतली ती इथे: २०२१-२२ मध्ये १,१५२ कोटी, २०२२-२३ मध्ये २,६०२ कोटी, २०२३-२४ मध्ये ४,०५५ कोटी. महागाई वाढली म्हणून रिझर्व्ह बँक दर वाढवते, कर्जदाराचा हप्ता वाढतो, ठेवीदाराला वाटते आता आपलेही व्याज वाढेल. बँक या दोघांच्या मधल्या फटीतून कमावते.

ही फट रुंदावली दोन कारणांनी. ऑक्टोबर २०१९ पासून घरकर्जासह किरकोळ आणि लघुउद्योगांची नवी बदलत्या दराची कर्जे रेपोसारख्या बाह्य दराला जोडणे सक्तीचे झाले, आणि तो दर किमान तीन महिन्यांतून एकदा बदलावा लागतो. म्हणजे कर्जावरचे व्याज लगेच वाढले. दुसरीकडे महाबँकेच्या ठेवींत चालू आणि बचत खात्यांचा वाटा ५३ टक्क्यांच्या आसपास होता, सरकारी बँकांत वरच्या क्रमांकाचा. चालू खात्यावर व्याज नसते. बचत खात्यावरचा दर तीनच्या आतबाहेर, तो रेपोबरोबर हललाच नाही.

कागदावर एक उदाहरण करून पाहू. हे बँकेचे खरे आकडे नव्हेत. शंभर रुपये ठेवी, त्यातून ७५ रुपये कर्ज. निम्मी कर्जे रेपोशी जोडलेली. रेपो अडीच टक्क्यांनी वाढला की साडेसदतीस रुपयांवर ९४ पैसे जादा आले. ठेवींपैकी ४७ रुपये मुदत ठेवीत, त्यातल्या वर्षात तिसरा हिस्सा नव्या दराने नूतनीकरण झाला, दीड टक्का जास्त द्यावा लागला: जादा खर्च २४ पैसे. उरले ७० पैसे. किरकोळ वाटते, पण दोन लाख कोटींच्या ठेवींवर हे वर्षाला १,४०० कोटी होतात, एकही नवे कर्ज न देता.

याच काळात बँकेने नवी कर्जेही भराभर दिली आणि जुन्या थकबाकीवर बहुतेक तरतूद आधीच झालेली असल्याने नव्या कमाईला कात्री लागली नाही. मार्च २०२५ला ढोबळ थकीत कर्ज १.७४ टक्के, निव्वळ ०.१८ टक्के, एकूण कर्जे सुमारे २.४ लाख कोटी. वेगळ्या शब्दांत, २०१९ मध्ये सोसलेला तोटा २०२३ नंतर नफा बनून दिसू लागला.

एका गोष्टीकडे मात्र बँकेच्या वार्षिक सभांत कोणी बोट दाखवत नाही. २०२२-२३ मध्ये किरकोळ महागाई सरासरी ६.७ टक्के होती आणि बचत खात्यावर तीन टक्क्यांच्या आसपास मिळत होते. निवृत्तिवेतनाचे खाते असलेल्या, मोबाइलवरून ठेव मोडण्या-जोडण्याच्या भानगडीत न पडणाऱ्या खातेदाराचा पैसा दरवर्षी झिजत होता. बँकेच्या नफ्यातला मोठा हिस्सा या खातेदाराच्या निवांतपणाचा आहे. ज्यांनी कर्ज बुडवले त्यांचे खड्डे आधी करदात्याने बुजवले आणि नंतर बचत खातेदाराने त्यावर माती टाकली, असे म्हटले तर फार अतिशयोक्ती होणार नाही.

वारा फिरल्यावर

फेब्रुवारी २०२५ पासून दर उतरू लागले. जूनपर्यंत रेपो साडेपाच टक्क्यांवर आला आणि वरचे सगळे गणित उलटे फिरू लागले. रेपोशी जोडलेली कर्जे आधी स्वस्त होतात, आधीच्या चढ्या दराने घेतलेल्या मुदत ठेवी मात्र मुदत संपेपर्यंत तशाच राहतात. बचत खात्याचा दर आधीच तळाला असल्याने तिथून कापायलाही फार काही नसते. दर वाढताना जो खातेदार बँकेच्या पथ्यावर पडतो, तोच दर उतरताना उपयोगाचा राहत नाही.

पूर्वी अशा वेळी रोखे मदतीला येत. आता तिथेही फरक पडला आहे. एप्रिल २०२४ पासून विक्रीसाठी उपलब्ध गटातल्या रोख्यांची वध-घट नफ्या-तोट्यात न जाता थेट राखीव निधीत जाते. २०१८ सारखा धक्का आता नफ्याला बसणार नाही आणि २०२० सारखी भेटही पूर्वीइतकी मिळणार नाही.

तरी जून आणि सप्टेंबर २०२५च्या दोन्ही तिमाह्यांत महाबँकेने प्रत्येकी सुमारे १,६०० कोटींचा नफा दाखवला, आदल्या वर्षीपेक्षा अधिक. व्याजाच्या फटीवरचा ताण कर्जवाढीने आणि कमी तरतुदींनी भरून काढला. पण २०२० ते २०२५ मध्ये कर्जे ९५ हजार कोटींवरून २.४ लाख कोटींवर गेली, म्हणजे यादीतली निम्म्याहून अधिक कर्जे पाच वर्षांच्या आतली आहेत. २००८च्या तेजीतली कर्जे खरी कशी निघाली हे कळायला आठ वर्षे लागली होती. आताची कर्जे वेगळी आहेत, घर, वाहन, सोने, लघुउद्योग यांचा वाटा मोठा आहे, आणि तारणही बरे आहे. तरी एखाद्या मंदीतून ती अजून गेलेली नाहीत. थकीत कर्जाची टक्केवारी इतकी खाली दिसते त्याला छेदातली ही ताजी कर्जेही कारण आहेत.

ऑक्टोबर २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने जो मसुदा मांडला त्याप्रमाणे १ एप्रिल २०२७ पासून बँकांना नव्वद दिवसांची वाट न पाहता संभाव्य नुकसानीची तरतूद आधीच करावी लागेल. हप्ता तीस दिवसांपेक्षा जास्त रखडला की खाते दुसऱ्या टप्प्यात, म्हणजे जोखीम वाढलेल्या गटात, धरायचे आणि बहुतेक प्रकारांत पाच टक्के तरतूद ठेवायची. बुडीत कर्ज नफ्यापर्यंत पोचायला जो उशीर व्हायचा, तो यामुळे कमी होईल. महाबँकेच्या जुन्या थकबाकीवर जवळपास पूर्ण तरतूद झालेली असल्याने तिथे नवा भार नाही. भार पडेल तो एकतीस ते नव्वद दिवस रखडलेल्या खात्यांवर. पुढचे तिमाही निकाल आले की निव्वळ नफ्याच्या आधी मी या खात्यांची रक्कम पाहणार आहे, आणि त्यातली किती लघुउद्योगांची आहे तेही.